बोईरडीहचं नाव

अधिवेशन चालू असलं की सकाळी अकरानंतर राज्यसभाकाका कोणाशी बोलत नसत. बोलायला आलेल्या माणसाला एका हाताने थांबवायचं, दुसऱ्या हाताने टीव्हीकडे बोट दाखवायचं आणि हलक्या आवाजात सांगायचं, "शून्य प्रहर चालू आहे." मग तो माणूस मीटर वाचायला आलेला असो, शेजारी असो, की पुण्याहून फोन करणारा त्यांचा स्वतःचा मुलगा असो. मी एकदा सांगायला गेले होते की तुमच्या मागच्या अंगणातला नळ उघडा राहिलाय. त्यांनी मलाही हात दाखवला. बारा वाजता प्रश्नोत्तराचा तास लागला, तोही त्यांनी पुरता ऐकला. एकला सभागृह जेवायला उठलं तेव्हा काका उठले आणि त्यांनी नळ बंद केला. टाकी केव्हाच रिकामी झाली होती. "सदनाच्या कामकाजात व्यत्यय नाही आणायचा," ते म्हणाले, "नळ काय, घरचाच आहे." त्या दिवशी त्यांनी माझ्याकडून दोन बादल्या पाणी नेलं.

रायपूरला समता कॉलनीत माझा होमिओपॅथीचा दवाखाना आहे. काकांची पुढची खोली आणि माझा दवाखाना यांच्यात एकच भिंत. त्या खोलीवर सहा वर्षं एक निळी पाटी होती. पाटीवर राज्यसभेच्या एका सदस्याचं नाव आणि त्याखाली 'जनसंपर्क कार्यालय'. काका सरकारी कचेरीतून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झालेले, हिंदी मसुदा लिहिण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. पक्षाच्या लोकांना नव्या सदस्यासाठी रायपुरात पत्ता हवा होता आणि काकांना सकाळी उठून दाढी करायला काहीतरी कारण हवं होतं. असं ते जमलं. आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, पोट्ट्यांनी त्यांचं नावच राज्यसभा ठेवलं. 'राज्यसभा भाजी घेऊन राहिली', 'राज्यसभेची चप्पल तुटली' असं चालायचं. मी त्याला काका जोडलं, एवढंच.

सदस्य दुसऱ्या राज्यातले. त्यांचं घर तिकडे, शेती तिकडे, मतदार यादीत नाव तिकडे. त्यांच्या राज्यात त्यांच्यासाठी जागा नव्हती, आमच्याकडे होती. राज्यसभेवर आमदार निवडून देतात, आणि त्या राज्यात राहायलाच पाहिजे अशी अट आता कायद्यातही उरलेली नाही. तेव्हा ते छत्तीसगढचे सदस्य झाले, बिनविरोध झाले, आणि परत गेले. काका त्यांना नावाने कधीच म्हणत नसत. 'माननीय' म्हणत. "माननीयांचा फोन होता," म्हणजे माननीयांच्या दिल्लीतल्या स्वीय सहायकाचा. "माननीय येऊन राहिले," म्हणजे विमान रायपूरवरून जाणार असेल.

कार्यालयात एक मोठी खुर्ची होती, मागे पांढरा टॉवेल टाकलेली. ती माननीयांची. तिच्यात कोणी बसायचं नाही असा नियम काकांनीच केला होता आणि तो मोडायला येत कोणीच नव्हतं, कारण येणारे लोक बाहेरच्या बाकावर बसायलाही संकोचत. काका स्वतः बाजूच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर. दर रविवारी तो टॉवेल ते हाताने धूत, निळीतून काढत आणि मागच्या दोरीवर वाळत घालत. मी एकदा चिडून म्हटलं, "काका, मळला तर आहे का? बसतं कोण?" तर म्हणाले, "डॉक्टरबाई, धूळ बसते ना." यावर काय बोलणार!

सहा वर्षांत माननीय रायपुरात तीनदा आले. एकदा उमेदवारीचा अर्ज भरायला, एकदा निवडून आल्याचं प्रमाणपत्र घ्यायला आणि एकदा शंकर नगरात कोणाच्या तरी लग्नाला. लग्नाच्या वेळी ते कार्यालयात आले. काकांनी लोकांच्या अर्जांची फाइल जिल्ह्याजिल्ह्याने लावून ठेवली होती, चहा माझ्याकडून करून घेतला होता. माननीय उभ्या उभ्या अर्धा कप चहा प्यायले आणि म्हणाले, "यहाँ सब ठीक है?" काका म्हणाले, "जी." मग गाड्या निघाल्या. फाइल काकांच्या काखेतच राहिली. पुढे महिनाभर ते ज्याला त्याला सांगत होते, "माननीयांनी सोतःहून विचारलं, सगळं ठीक आहे का म्हणून." मला हसू यायचं आणि मग हसल्याचं वाईट वाटायचं.

मी त्यांना टोचायची. दुपारी माझ्याकडे पेशंट नसत, त्यांच्याकडे अर्जदार नसत, मग आम्ही दोघं त्यांच्या ओट्यावर बसायचो. मी म्हणायची, "तुमचे माननीय तर इथले नाहीतच."

"मग आपण कुठं इथले होतो?" ते म्हणायचे. "भोसल्यायच्या फौजेसंगं आलो. आलेला माणूस राहिला, की इथला झाला."

"पण ते राहिले कुठं?"

यावर ते चष्मा काढून पुसत बसायचे. माझे वडील रेल्वेत लागून वर्ध्याकडून इथे आले, म्हणून काकांच्या लेखी आम्ही कालचे. त्यांचं घराणं तात्यापाऱ्यातलं, आठ पिढ्या रायपुरात. पण बँकेत नवा साहेब आला की आडनाव वाचून हमखास विचारायचा, "आप महाराष्ट्र में कहाँ से हैं?" काका म्हणायचे, "समता कॉलनी से." साहेब हसायचा. काका नाही हसायचे. घरी येऊन म्हणायचे, "आठ पिढ्या झाल्या, अजून मले कुठले म्हणून विचारून राहिले. अन् माननीयांले कोणी नाही विचारत." त्यांच्या बोलण्यात तक्रार क्वचितच यायची, ती एवढी एक.

राज्यसभेवर त्यांची खरोखर श्रद्धा होती. लोकसभा लोकांची, ती दर पाच वर्षांनी मोडते. राज्यसभा राज्यांची, ती कधी मोडत नाही, तिच्यातले एक तृतीयांश जातात आणि बाकीचे बसून असतात, हे ते मला इतक्या वेळा सांगत की माझ्या स्वयंपाकाच्या बाईलाही पाठ झालं होतं. "राज्य सोतः उठून बोलू शकत नाही, डॉक्टरबाई. त्याच्याकडून कोणी उभं राहिलं पाहिजे. मोठं राज्य असो की लहान, त्या सभागृहात नाव घेतलं गेलं की ते कागदावर चढते. कागदावर चढलं की कोणी नाही पुसू शकत." म्हणून अकराला टीव्ही लागायचा. आपल्या राज्याचं नाव कोणी घेतंय का, हे ते ऐकत बसायचे. कोणी घेतलं की वहीत लिहायचे. वही सहा वर्षं एकच पुरली.

लोक अर्ज घेऊन यायचे. कोणाला बदली हवी, कोणाला मोठ्या इस्पितळात खाट हवी, कोणाच्या गावातला हातपंप बंद. काका सगळ्यांना बसवून पत्र लिहायचे, दिल्लीला पाठवायचे आणि उत्तर आलं नाही तर स्वतःच्या अक्षरात पोच द्यायचे, म्हणजे माणसाला वाटावं आपलं कोणीतरी वाचलं. त्या लोकांत दुलारी यायची. बोईरडीहची. बोईरडीह म्हणजे रेल्वेचा एक थांबा, नुसता फलाट आणि पाटी, आणि त्यामागे गाव. पूर्वी तिथे पहाटेची पॅसेंजर थांबायची. दुलारी आणि तिच्यासारख्या वीसेक बायका लाल भाजी, चेच भाजी, कांदा असं घेऊन तिच्यातून गुढियारीच्या बाजारात यायच्या, विकायच्या, दुपारच्या गाडीने परत. ती पॅसेंजर बंद झाली. बाकीच्या बायका घरी बसल्या किंवा मजुरीला गेल्या. गावातल्या एकाचा छोटा टेम्पो तेवढा सोमवारी गुढियारीत यायचा, त्याच्या मागे बसून दुलारी येई आणि भाजी विकून झाली की पायी समता कॉलनीत काकांकडे.

दर सोमवारी. आली की ओट्याखाली चप्पल काढायची, टोपलीतली उरलेली एक जुडी बाकावर ठेवायची आणि विचारायची, "का होइस कक्का, हमर गाड़ी के?"

"सदन में उठेगा, दुलारी," काका म्हणायचे. "बोईरडीह का नाम सदन में आएगा. मैं बोल रहा हूँ ना."

"हव," म्हणून ती उठायची.

मी म्हटलं, "काका, असा शब्द नका देत जाऊ. तुमच्या हातात काय आहे?"

"माझ्या हातात मसुदा आहे," काका म्हणाले.

राज्यसभेत 'विशेष उल्लेख' म्हणून एक प्रकार असतो. सदस्य लोकांचा एखादा प्रश्न लिहून देतो आणि उभा राहून वाचतो. अडीचशे शब्दांच्या वर एकही शब्द चालत नाही. काकांनी बोईरडीहच्या गाडीचा विशेष उल्लेख लिहायला घेतला. पहिला मसुदा सहाशे शब्दांचा झाला, कारण त्याची सुरुवात नागपूरकर भोसल्यांपासून होती. मी लाल पेनाने भोसल्यांना वाटेला लावलं. मग ब्रिटिश गेले. मग राज्यनिर्मिती गेली. काका दर शब्दाला हळहळत होते. आम्ही चार-पाच दुपारी त्यात घातल्या असतील आणि खरं सांगायचं तर त्या वर्षातल्या माझ्या सर्वांत चांगल्या दुपारी त्याच. माझा मुलगा बंगळुरात, मी मराठीत विचारलं की तो हिंदीत उत्तर देतो आणि मग दोघंही फोन ठेवतो. इथे निदान कोणीतरी माझ्याशी एकेका शब्दासाठी भांडत होतं.

एका सोमवारी दुलारी मसुदा ऐकायला बसली. काकांनी वाचलं: नाशवंत कृषी उत्पादनाच्या विपणनावर प्रतिकूल परिणाम, वगैरे. तिने मान हलवली. "अइसे नइ, कक्का. बिहनिया के टोरे भाजी मंझनिया ले घास हो जाथे. अइसे लिखव." सकाळी खुडलेली भाजी दुपारपर्यंत गवत होते. काकांनी ते जसंच्या तसं, फक्त हिंदी करून, लिहून घेतलं. मोजलं तर एकूण दोनशे एकावन्न शब्द झाले. एक शब्द जास्त. मी म्हटलं, दुलारीच्या वाक्यातला 'की' काढा. काकांनी ते ऐकलं नाही. मग त्यांनी सुरुवातीच्या 'माननीय सभापति महोदय' मधला 'माननीय' खोडला. ज्या माणसाने आयुष्यात माननीयाशिवाय कागद सुरू केला नाही, त्याने! बोईरडीहचं नाव त्या मसुद्यात तीनदा होतं.

मसुदा दिल्लीला गेला. पावसाळी अधिवेशन गेलं, हिवाळी गेलं, अर्थसंकल्पाचं गेलं. काका फोन करत, तिकडून स्वीय सहायक म्हणे, "देखते हैं, काका." माननीयांचं पाचवं वर्ष संपत आलं. आणि मग हिवाळी अधिवेशनात एका शुक्रवारी त्याचाच फोन आला: सोमवारी माननीयांचा विशेष उल्लेख लागलाय, रेल्वेवरच आहे, काकांचाच मसुदा.

त्या सोमवारी काका पहाटे उठून आंघोळ करून इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. टेम्पोवाल्याला त्यांनी शनिवारीच फोन करून निरोप दिला होता, म्हणून दुलारी एकटी नाही आली, तिच्याबरोबर गावच्या दोन बायका आल्या. मी दवाखान्याला कुलूप लावलं. आत आणलेल्या बाकावर बायका, प्लास्टिकच्या खुर्चीवर मी, काका उभे. टॉवेलची खुर्ची रिकामी. एकामागून एक सदस्य उठून वाचत होते आणि काका प्रत्येकाच्या राज्याचं नाव हळूच सांगत होते. मग सभापतींनी नाव पुकारलं आणि पडद्यावर माननीय उभे राहिले. वर लिहून आलं: छत्तीसगढ.

"सभापति महोदय," त्यांनी सुरू केलं. मला पहिल्या ओळीतच कळलं की हा आमचा कागद आहे. थांब्यावरचा फलाट, पहाटेची पॅसेंजर, वीस बायका, दुपारची परतीची गाडी, सगळं आमचंच, शब्दाला शब्द. फक्त गावाचं नाव वेगळं होतं. एक लांबलचक नाव, मी कधी न ऐकलेलं, आणि त्यापुढे जिल्ह्याचं नाव. तो जिल्हा माननीयांच्या राज्यातला होता. तीनही जागी बोईरडीह काढून तेच घातलं होतं. मग ते वाक्य आलं, "सुबह की तोड़ी भाजी दोपहर तक घास हो जाती है," आणि सभागृहात दोन-चार सदस्यांनी बाकं वाजवली.

दुलारी टाळ्या वाजवत उठली. "ए त मोर बात आय! सुनेव, मोरे बात ल कहिस!" तिच्याबरोबरच्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. गाव कोणतं, हे त्यांना त्या भरभर हिंदीत कळलंच नव्हतं. काका पडद्याकडे बघत होते. पडद्यावर पुढचा सदस्य आला तरी बघत होते. मग वळून त्यांनी बायकांना जिलेबी दिली, त्यांनी आणून ठेवली होती ती. दुलारी जाताना त्यांच्या पाया पडली. त्या माणसाचा चेहरा मला त्या क्षणी बघवला नाही, मी दवाखाना उघडते म्हणून निघून आले.

संध्याकाळी त्यांनी दिल्लीला फोन लावला. भिंतीपलीकडून मला ऐकू येत होतं, कारण सहायकाचा आवाज काका नेहमी स्पीकरवर ऐकत. तो म्हणाला, "काका, साहब ने पढ़ा तो सही. इतना बढ़िया मैटर था, वेस्ट थोड़े ही जाने देते." काकांनी फोन ठेवला. मग किती तरी वेळ ते तो एकच शब्द म्हणत होते. "मॅटर. मॅटर म्हणून राहिला तो."

मी त्यांना सांगितलं, दुलारीला काही बोलू नका. ती खूष आहे. "काहून सांगता तिले? गाडी तशीही येणार नाही. निदान तिचं मन तरी राहील."

"मी तिले म्हटलं होतं, बोईरडीहचं नाव येईल," काका म्हणाले. "नाही आलं. हे दुसरं कोण सांगेल?"

पुढच्या सोमवारी त्यांनी सांगितलं. मी हजर होते. त्यांनी घुमवून फिरवून काही सांगितलं नाही. बात तुम्हारी थी, गाँव दूसरे का था, असं म्हणाले. साहब अपने राज्य का बोल दिए. दुलारी ऐकून घेत होती. तिने काकांना काही म्हटलं नाही, माननीयांनाही नाही. टोपली उचलून कमरेवर घेतली आणि विचारलं, "त हमन काकर आन?"

मग आपण कोणाचे, असं विचारत होती ती. दुलारी थोडी थांबली, मग गेली. जुडी मात्र नेहमीसारखी बाकावर ठेवून गेली.

त्यानंतरच्या सोमवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्या सोमवारीही नाही. काकांकडे नंबर होता तो टेम्पोवाल्याचा, तो बंद लागायचा. काका धरून चालले की ती रागावली आणि तिनेच टेम्पोवाल्याला सांगितलं असेल, फोन बंद ठेव म्हणून. मीही तसंच समजले. सोमवारी दुपारी ते ओट्यावर बसत, बाक पुसून ठेवत आणि रस्त्याच्या त्या टोकाकडे बघत. अधिवेशन चालू असलं तरी. अकरा वाजता टीव्ही लागत होता, पण आवाज बारीक. एकदा मी आत डोकावून म्हटलं, काका, शून्य प्रहर चालू आहे. ते म्हणाले, "चालू द्या."

त्यांनी मला दोनदा विचारलं. "डॉक्टरबाई, तुमच्या गाडीनं एकदा बोईरडीहले जाऊन यायचं का? मी तिची माफी मागतो." पहिल्यांदा मी म्हटलं, ऊन फार आहे. दुसऱ्यांदा म्हटलं, पाऊस सरू द्या, रस्ते कसे असतील. ते लगेच म्हणाले, "बरोबर आहे, बरोबर आहे." तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. मला खरं तर जायचं नव्हतं. एका म्हाताऱ्या माणसाला एका भाजीवालीसमोर हात जोडताना मला बघायचं नव्हतं, आणि रविवारची माझी झोप मला प्यारी होती. दुसरं काही कारण नव्हतं.

माननीयांची सहा वर्षं संपली. पुढच्या खेपेला त्यांना त्यांच्याच राज्यातून जागा मिळाली. आमच्या राज्यातून जे नवे सदस्य गेले त्यांनी पत्ता दुसरीकडे घेतला. पक्षाची दोन माणसं येऊन पाटी, खुर्ची, टीव्ही घेऊन गेली. टॉवेल धुवायला टाकलेला होता म्हणून राहिला, तो काकांनी मागाहून रिक्षाने पोचवला. त्या पावसाळ्यात ते अंगणात घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, आणि मुलगा येऊन त्यांना पुण्याला घेऊन गेला. स्टेशनवर मी गेले होते. चाकाच्या खुर्चीवरून त्यांना डब्यात चढवलं. गाडी सुटायच्या आधी ते म्हणाले, "सोमवारी जरा लक्ष ठेवाल?" मी हो म्हटलं. आठ पिढ्यांनंतर त्या घराण्यातलं रायपुरात कोणी उरलं नाही, आणि त्यातल्या शेवटच्या माणसाला गाडीत बसवायला आम्ही दोघं होतो, मी आणि त्यांचा मुलगा.

पुण्याहून ते फोन करत. सोसायटीतली माणसं त्यांना विचारत, तुम्ही हिंदीवाले का? त्यांची मराठी ऐकून नातू हसायचा. "इथं मी छत्तीसगढचा झालो पाहा, डॉक्टरबाई," ते म्हणाले, "रायपुरात तर नव्हतो." हे सांगताना त्यांना बरं वाटत होतं की वाईट, ते मला फोनवर कळलं नाही. सुनेने त्यांच्या खोलीत छोटा टीव्ही लावून दिला होता. आज आपल्या राज्याचं कोणी बोललं, आज नाही बोललं, एवढं सांगून झालं की फोन ठेवण्याआधी एकच प्रश्न असायचा.

"दुलारी आली होती का?"

मी म्हणायची, "नाही, काका."

"राग आहे तिचा," ते म्हणायचे. "असायलाच पाहिजे."

माघात त्यांच्या मुलाचा निरोप आला, मोबाइलवर, दोन ओळींचा, हिंदीत. रायपूरहून कोणी जाण्याइतका वेळ नव्हताच. मी दवाखाना बंद ठेवला. एका पेशंटने कुलूप पाहून विचारलं, कौन गुजर गया? मी म्हटलं, पड़ोसी. घरात त्या दिवशी मी जेवले नाही आणि ते कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण लक्षात येण्यासारखं घरात कोणी नाही.

पुढच्या रविवारी मी गाडी काढली.

बोईरडीहला पोचले तेव्हा थांब्याच्या फलाटावर गुडघाभर गवत होतं आणि पाटीवरची अक्षरं उन्हाने उडाली होती. दुलारीचं घर विचारत गेले. ती दारात बसून दुसऱ्याच्या घरची चिंच सोलत होती, किलोवर. मला पाहून लगेच उठली, पाट मांडला, पाणी दिलं आणि माझ्या मागे गाडीकडे बघू लागली. "कक्का नइ आइस?"

मी सांगितलं. पुणे कुठे, ते तिला ठाऊक नव्हतं. ते लांब असतं एवढं मी सांगितलं. ती चिंचेच्या ढिगाशी खाली बसली आणि पदराने डोळे पुसत राहिली. मला माफीचं सांगायचं होतं, ते तोंडातून निघेना, म्हणून मी भलतंच विचारलं. म्हटलं, दुलारी, काका दर सोमवारी तुझी वाट बघायचे. शेवटपर्यंत विचारत होते. तू त्यांच्यावर एवढी रागावलीस का?

मला काहीच कसं कळत नाही, अशा नजरेने तिने माझ्याकडे पाहिलं.

"मैं काबर रिसाहूँ कक्का बर?" ती म्हणाली. "टेम्पो ल बेच दिस ओ ह. अउ हमर गाड़ी त बंदे हे, दीदी. कइसे आतेंव?"

टेम्पो विकला गेला होता आणि गाडी नव्हती. एवढंच होतं, राग नव्हताच. मी तिने दिलेली भाजीची जुडी घेतली आणि निघाले. येताना मी घड्याळ पाहिलं. बोईरडीह ते समता कॉलनी, दीड तास.